आमच्या घरचे खापर

मराठी भाषेने खापराला फारसा मान दिलेला नाही. दोष दुसऱ्यावर ढकलायचा असेल तर त्याच्या माथी खापर फोडायचे. उपदेश वाया गेला की पालथ्या घड्यावर पाणी पडले असे म्हणायचे. आणि ज्या पक्वान्नासाठी खापर मुद्दाम घडवले जाते ते मांडे मनातल्या मनात खाऊन संपवायचे! एकाच ठिकाणी भाषेने त्याला वडीलकी दिली आहे. पणजोबांच्या वडिलांना आपण खापरपणजोबा म्हणतो. त्यांचे नाव बहुतेक घरांत कोणाला ठाऊक नसते, आणि तरीही आपण त्यांचेच असतो. आम्हांला येथे लिहायचे आहे ते स्वयंपाकघरातल्या खापराविषयी. परंतु ते लिहिताना खापरपणजोबांना टाळून पुढे जाता येणार नाही, हे वाचकांच्या ध्यानी येईलच.

आम्ही नांदगावला राहतो. मुंबईहून भुसावळकडे जाणारी गाडी मनमाड सोडल्यावर नांदगावला येते आणि पुढे चाळीसगावला पोहोचते. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, म्हणजे १९०६ साली ज्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करण्यात आले त्या जुन्या खानदेशात. आमचे गाव नाशिक जिल्ह्यातले खरे, पण ते खानदेशच्या उंबरठ्यावर बसलेले आहे. त्यामुळे रोजच्या ताटात बाजरीची भाकरी असली तरी सणाचे पान खानदेशी वळणाचे असते. अक्षय तृतीयेला इकडे आखाजी म्हणतात. त्या दिवशी सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते, आणि दुपारच्या पंगतीला आमरसाबरोबर पुरणाचे मांडे असतात.

वसईकडच्या किंवा कोकणातल्या वाचकांनी कदाचित खापर पाहिलेले नसेल, म्हणून थोडे वर्णन करतो. मोठ्या मडक्याचा खालचा अर्धा भाग कापून पालथा घातला तर जो घुमट दिसेल, तसे हे भाजलेल्या मातीचे भांडे असते. ते चुलीवर पालथे ठेवतात. जाळ आतल्या पोकळीत खेळतो आणि वरच्या गोल पाठीवर मांडा भाजला जातो. मांडा इतका पातळ आणि इतका रुंद असतो, की सपाट तव्यावर तो मावणार नाही आणि खोलगट कढईत त्याच्या चुण्या पडतील. खापराच्या पाठीवर तो आपल्याच भाराने चारी बाजूंनी खाली ओघळतो आणि ताणलेला राहतो. म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ठरत नसले तरी अन्न उत्तम ठरते!

आमच्या घरी मात्र खापराच्या आधी आला तो दगड. ईस्टरला घरीच पाव भाजावा अशी आमची फार दिवसांची इच्छा होती. विजेची भट्टी होती. पीठ फुगत होते. पण पाव वरून तांबूस होऊनही तळाशी फिका आणि ओलसर राहत असे. गोव्याच्या पोदेराची पोय अशी राहत नाही, कारण ती भट्टीच्या तापलेल्या तळावरच भाजली जाते. पत्र्याचे पातळ ताट भट्टीतल्या हवेने तापते, आणि वर गार पीठ पडताच त्यातली थोडीशी उष्णता संपून जाते. जाड दगडाची गोष्ट वेगळी. तो तापायला वेळ घेतो, पण घेतलेली उष्णता साठवून ठेवतो आणि पीठ वर पडले की सावकाश, सारख्या हाताने तिला देत राहतो. म्हणून आम्ही नाशिकहून पाव भाजायचा एक दगड विकत आणला. दगड म्हणायचे एवढेच. खरे तर ती कॉर्डिएराइट नावाच्या खनिजापासून बनवलेली, सुमारे दीड सेंटीमीटर जाडीची भाजकी फरशी आहे. तापल्यावर हे द्रव्य फारच थोडे प्रसरण पावते, म्हणून सहसा तडकत नाही. चिनीमातीची भांडी भाजण्याच्या भट्ट्यांतल्या फळ्याही याचीच करतात. भट्टी अडीचशे अंशांवर पाऊण तास तापवून मग पाव या फरशीवर सोडायचा. साबण तिला लावायचा नाही, कारण ती साबण पिते. ओली असताना एकदम तापवायची नाही, कारण आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटू शकते.

त्या वर्षी पुनरुत्थानाच्या सणाला पाव चांगला झाला. शेजारच्या मावशी पाव पाहायला आल्या, तो दगड त्यांनी उचलून उलटसुलट करून पाहिला, आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे तर आमचं खापरच की! नुसतं चपटं केलंय." आम्ही हसलो खरे, पण त्यांचे बोलणे मनात राहिले. मेक्सिकोत मक्याची पोळी ज्या मातीच्या तव्यावर भाजतात त्याला चुन्याची निवळी लावतात, म्हणजे पोळी चिकटत नाही. इथिओपियात इंजेरासाठी मातीची भलीमोठी तबकडी असते आणि तिला तेलबियांची पूड चोळून तुकतुकीत करतात. आणि होरेब पर्वताकडे निघालेल्या, थकून झुडपाखाली निजलेल्या एलिया संदेष्ट्याच्या उशाशी जी भाकर होती तीही तापल्या धोंड्यांवर भाजलेली होती, असे मूळ हिब्रू शब्दावरून दिसते. माणसाने पीठ भिजवले आणि तापल्या माती-दगडावर टाकले, ही कहाणी सर्वत्र एकच आहे. मग ती आपल्या दाराशी ज्या रूपात उभी आहे ते रूप आपल्याच घरात का नसावे, असा विचार करून आखाजीच्या आधी आम्ही खापर घ्यायला निघालो.

कुंभाराच्या अंगणात चैत्रातली गर्दी होती. रांजण, माठ, आखाजीच्या घागरी, आणि एका बाजूला एकावर एक पालथी रचलेली खापरे. मातीत राख आणि लीद मिसळून कालवतात, हे कुंभारदादांनी सांगितले. लीद भट्टीत जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रे उरतात. त्या छिद्रांमुळे माती तापताना-निवताना थोडी हलू शकते आणि सहजी तडकत नाही. आमच्या मनात भरलेले एक खापर आम्ही दुरूनच बोटाने दाखवले. त्यांनी ते उचलून सरळ आमच्या हातात दिले. "वाजवून घ्या, ताई," ते म्हणाले. "न वाजवता खापर कधी घेऊ नये." बोटाचे पेर वाकवून टिचकी मारली तर पक्के भाजलेले खापर खणखणीत बोलते, बारीकशी जरी चीर असली तरी आवाज बद्द येतो. आम्ही तीन खापरे वाजवली. दोन बाजूला ठेवली आणि तिसरे घेतले. आम्ही नाकारलेल्या दोहोंपैकी एक आमच्यामागे उभ्या असलेल्या बाईंनी उचलले, वाजवले आणि पसंत केले.

एवढ्या साध्या गोष्टीत लिहिण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. आमच्या आजीने हे पाहिले असते तर तिने मात्र तसे विचारले नसते.

आजीच्या लहानपणी तिच्या गावात आमच्या लोकांना मडके वाजवून घेता येत नसे. अंगणाबाहेर उभे राहायचे, हवे ते तोंडाने सांगायचे, पैसे जमिनीवर ठेवायचे. मग कुंभार एखादे मडके पुढे सरकवून मागे होई आणि ते उचलून चालू लागायचे. मडक्याला हात लावला की ते घेणे भागच असे, कारण तो हात लागलेले मडके दुसऱ्या कोणी घेतले नसते. घरी आणल्यावर चीर निघाली तर परत नेता येत नसे. आजी हे रागाने सांगत नसे. ती एवढेच म्हणे, "आमच्या नशिबी न वाजवलेली मडकी." तिच्या सासरी, आमच्या खापरपणजोबांच्या काळी, घराण्याने प्रभू येशूचा स्वीकार केला. पण बाप्तिस्म्याचे पाणी मस्तकावर पडले म्हणून कुंभाराच्या अंगणातला व्यवहार दुसऱ्या दिवशी बदलला नाही. त्याला आणखी दोन पिढ्या जाव्या लागल्या.

यात त्या कुंभाराचाही इलाज नव्हता. नियम मातीचा होता. पितळेचे भांडे विटाळले तर ते राखेने घासून किंवा अग्नीत धरून शुद्ध होई. मातीचे भांडे विटाळले तर ते फेकण्यावाचून गत्यंतर नसे. कारण एकच: माती शोषून घेते. आणि हा नियम केवळ आपल्या गावगाड्याचा होता असेही नाही. लेवीय या ग्रंथात मोशेचे नियमशास्त्रही हेच सांगते, की अशुद्ध वस्तू पडलेले मातीचे भांडे फोडून टाकावे. लाकडाचे असेल तर ते पाण्यात घालावे. याकोबाच्या विहिरीवर येशूने शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले तेव्हा ती चकित झाली, त्यामागेही भांड्यांचाच प्रश्न होता. यहुदी लोक शोमरोनी लोकांच्या भांड्याला तोंड लावीत नसत. आपल्याकडे तर ही मातीची कल्पना माणसाच्या गळ्यापर्यंत आली. पेशवाईत पुण्यामध्ये अस्पृश्याला गळ्यात मडके अडकवून फिरावे लागे, त्याची थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या निबंधात नमूद केले आहे.

आणि खापर नाकारण्याची महाराष्ट्रातली सर्वांत प्रसिद्ध कथा तर लहान मुलांनाही माहीत असते. संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेल्या चार भावंडांना मांडे खाण्याची इच्छा झाली. मुक्ताबाई खापर आणायला निघाली. पण विसोबा चाटी यांनी कुंभारांना बजावून ठेवले होते, की या मुलांना खापर द्यायचे नाही. ती रडत परतली. तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने जठराग्नी प्रदीप्त केला आणि बहिणीने भावाच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजले. चमत्काराविषयी प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेप्रमाणे मानावे. आमचे लक्ष वेधते ते त्या कथेचा पाया म्हणून असलेल्या साध्या गोष्टीकडे. मांड्यांना लागणारी डाळ, गूळ, गहू या कशाचीही बंदी त्या मुलांना नव्हती. बंदी होती ती एका मातीच्या भांड्याची. एखाद्याला समाजाबाहेर ठेवायचे तर त्याचे धान्य काढून घ्यावे लागत नाही; खापर दिले नाही तरी पुरते.

परंपरा पुढे सांगते, की तेच विसोबा पश्चात्तापाने विसोबा खेचर झाले. तेरच्या गोरोबा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली असता, मडकी तपासण्याच्या थापटण्याने गोरोबांनी प्रत्येकाचे मस्तक वाजवून पाहिले. नामदेवांना ते सहन झाले नाही आणि 'हे मडके कच्चे' असा निकाल मिळाला. ते कच्चे मडके पक्के होण्यासाठी औंढ्याला गेले ते याच विसोबांकडे. ज्याने खापर अडवले त्याच्याच हातून एक मडके भाजून निघावे, याहून मोठी क्षमा कोणती?

हे सारे मनात घेऊनच आम्ही नवे खापर सिद्ध करायला बसलो. रात्रभर ते पाण्यात बुडवून ठेवले. पहिल्या काही क्षणांत त्याच्या अंगातून बुडबुड्यांची बारीक माळ वर येत राहिली. ती छिद्रांतली हवा होती. दोन दिवस सावलीत सुकवले. मग मंद आचेवर तापवायचे, तेलाच्या फडक्याने पुसायचे, आपोआप निवू द्यायचे. आणि असे पुन्हा पुन्हा. गरम खापरावर गार पाणी घालायचे नाही, साबण तर मुळीच लावायचा नाही. हळूहळू तेल छिद्रांत शिरते, धुरासह तापून घट्ट बसते, आणि पाठीवर काळसर तुकतुकी येते. याला आपण 'खापर मुरले' असे म्हणतो.

मुरण्यासाठी शोषून घ्यावे लागते. ज्या गुणासाठी माती विटाळाला पात्र ठरली तोच हा गुण! छिद्रे आहेत म्हणून ती तापताना फुटत नाही. छिद्रे आहेत म्हणून मांड्याखालची वाफ ती टिपून घेते आणि मांडा कोरडा भाजतो. छिद्रे आहेत म्हणून प्रत्येक सणाचे तेल आणि धूर तिच्यात साठतो आणि दहा वर्षांचे खापर नव्याहून सरस ठरते. उष्णतेचेही असेच. लोखंडातून उष्णता भाजक्या मातीपेक्षा पन्नासएक पट वेगाने वाहते. लोखंडी तव्यावर पातळ मांडा पडला की पीठ शिजण्याआधी पुरणातला गूळ करपतो. माती मात्र उष्णता देते ती हात राखून, आणि त्या कंजूषपणातच तिचे कसब आहे.

मांडे शिकवायला अर्थातच शेजारच्या मावशी आल्या. गव्हाचे वस्त्रगाळ पीठ, थोडे पाणी, थोडे तेल, आणि मळणे, पुन्हा मळणे. गव्हातल्या प्रथिनांचे चिवट जाळे तयार होईपर्यंत ही कणीक तिंबावी लागते, नाहीतर ती ताणताना फाटते. शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीत गूळ, वेलदोडा, जायफळ घालून पुरण वाटायचे. पुरण भरलेली लाटी थोडी लाटून घ्यायची आणि मग पोळपाट-लाटणे बाजूला सारून ती दोन्ही हातांवर घ्यायची. मनगटांवरून कोपरांपर्यंत, एका हातावरून दुसऱ्या हातावर, ती फिरत जाते आणि फिरता फिरता वाढते. मावशींच्या हातांवर ती ओढणीसारखी पसरली आणि अलगद खापरावर उतरली. आमच्या हातांवरच्या पहिल्या दोन आरपार फाटल्या. तिसरी खापरावर पोहोचली, वेडीवाकडी, पण अखंड. भाजल्यावर चार घड्या घालून मावशींनी ती तुपाबरोबर आधी आमच्याच ताटात वाढली.

मांडे एकटीने होत नाहीत, हे त्या दिवशी कळले. एकीने लाट्या कराव्या, एकीने हातांवर फिरवाव्या, एकीने जाळ सांभाळावा. म्हणूनच खापर घरोघर असले तरी ते सर्वांच्या मालकीचे असल्यासारखे वागवले जाते. ज्या घरी पंगत मोठी त्या घरी शेजारची दोन खापरे जातात. आता असे घर क्वचित. गॅसच्या शेगडीवर मावेल असे लहान खापर बाजारात मिळते, तयार मांडेही मिळतात. कोपरापर्यंत हात वापरणाऱ्या बायका थोड्या उरल्या आहेत आणि कुंभारदादांचा मुलगा दुसऱ्या कामाला लागला आहे. याची खंत वाटते. पण जुने सारेच चांगले होते असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही, कारण न वाजवलेल्या मडक्यांचा काळही त्या जुन्यातच होता. आणि आपल्या ख्रिस्ती समाजाने तरी तो काळ पुरता मागे टाकला आहे का? एकाच वेदीवरून एकच भाकर घेणारी माणसे सोयरीक जुळवताना अजून एकमेकांचे खापरपणजोबा शोधीत बसतात. संत पौलाने करिंथकरांना लिहिले, की आपल्याजवळचे धन मातीच्या भांड्यांत ठेवलेले आहे. त्याने सोन्याची किंवा पितळेची भांडी निवडली नाहीत. ज्या भांड्यांना स्पर्श लागतो, मुरतो आणि पुसला जात नाही, तीच त्याने निवडली.

खापराचे आयुष्य कायमचे नसते. एखाद्या दिवशी ते तडकेल. मग त्याचे तुकडे कुंडीच्या तळाशी, पाणी झिरपावे म्हणून घालू. तूर्त ते ठणठणीत आहे. गेल्या आखाजीला मावशींच्या सुनेच्या माहेरची मंडळी आली होती आणि त्यांचे खापर पुरेना, तेव्हा त्यांचा मुलगा धावत आला आणि आमचे घेऊन गेला. चुलीवर चढवण्यापूर्वी ते कोणी धुतले नाही, कोणी विचारले नाही. संध्याकाळी ते परत आले. तेलाच्या फडक्याने पुसलेले होते आणि अजून कोमट होते. रिकामे भांडे परत करू नये, या रीतीप्रमाणे त्याच्या पोकळीत फडक्यात गुंडाळलेले दोन मांडे होते.